आईबाबांच्या कानांनी मोजलेली शांतता : बिनपंख्याचा होम थिएटर संगणक, वर्षभरानंतर

आईबाबांच्या टीव्हीखाली मी जुळवून ठेवलेल्या संगणकाला नुकतेच एक वर्ष झाले. या वर्षात त्याने काय दिले, कोठे त्रास दिला आणि तेच काम पुन्हा करायचे झाले तर मी कोणते भाग बदलेन, हे नोंदवून ठेवावेसे वाटले. कारण अशा यंत्रांची परीक्षणे बहुधा ती जुळवणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेली असतात आणि रोज रिमोट हातात घेणारी माणसे त्यांत क्वचितच दिसतात. आमच्या घरी ती माणसे दोन आहेत. दोघांचीही सत्तरी उलटली आहे आणि दोघांनाही संगणक मुळीच नको आहे. त्यांना टीव्हीवर त्यांचे चित्रपट, गाणी आणि घरचे जुने व्हिडिओ हवे आहेत.

आधीच एक सांगतो. ज्यांचे आईवडील केवळ सशुल्क स्ट्रीमिंग सेवा पाहतात, त्यांनी असा संगणक जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. या सेवा आपले सर्वांत चांगल्या प्रतीचे चित्र प्रमाणित उपकरणांनाच देतात, आणि लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणारा घरी जुळवलेला संगणक त्या यादीत बसत नाही. त्यामुळे हार्डवेअर कितीही सक्षम असले तरी तेथे त्यांचे फोरके, म्हणजे अतिस्पष्ट, चित्र मिळत नाही. टीव्हीतले ॲप किंवा मुठीत मावणारी एखादी स्ट्रीमिंग डबी हे काम कितीतरी सरळपणे करते, आणि आमच्याकडेही त्या सेवा तशाच पाहिल्या जातात. संगणक लागला तो घरच्या संग्रहासाठी. टेपांवरून उतरवून घेतलेली लग्ने आणि मुंजी, डिस्कवरून घेतलेले चित्रपट, गेल्या वीसेक वर्षांतली छायाचित्रे असा तो पसारा आहे. टीव्हीच्या अंगच्या प्लेअरला त्यातल्या बऱ्याच फाइली उघडत नव्हत्या, आणि ज्या उघडत त्यांतल्या काहींचे चित्र दिसे पण आवाज येत नसे.

पहिला प्रयत्न फसला. घरात पडून असलेला एक जुना कचेरीतला टॉवर मी साफ करून टीव्हीशेजारच्या लाकडी कपाटात ठेवला. त्यात ८० मिलिमीटरचा एक पंखा होता आणि साडेतीन इंची हार्ड डिस्क होती. मला ऐकू येत होता तो पंखा, म्हणून मी पंख्याच्या मागे लागलो. त्याच्या जागी १२० मिलिमीटरचा संथ पंखा बसवला, कारण मोठे पाते तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलते, आणि पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होत असली तरी आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. हा व्यवहार जवळजवळ नेहमीच फायद्याचा ठरतो. मला तर खोलीत एकदम शांत झाल्यासारखे वाटले. दोन दिवसांनी आईने कपाटाच्या फळीवर तळहात टेकवला आणि ती म्हणाली, "अरे, हे कपाट घुमतंय बघ."

घुमत होती ती डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि त्या १२० हर्ट्‌झच्या बारीक थरथरीला पोकळ लाकडी कपाट मिळाले होते. तंबोऱ्याच्या भोपळ्याने तारेला द्यावी तशी साथ ते त्या डिस्कला देत होते. मी टॉवरपाशी वाकून ऐकत होतो तेव्हा मला पंख्याचा फुत्कारच मोठा वाटत होता. आई सोफ्यावर बसून ऐकत होती आणि तेथवर पोहोचत होती ती ही खर्जातली घुमघुम. डिस्कखाली रबराच्या वॉशर घातल्यावर ती कमी झाली, गेली मात्र नाही.

याच्या उलट गोष्ट दुसऱ्या जुळणीत घडली. त्या संगणकाला लॅपटॉपच्या धर्तीचा बाहेरचा अडॅप्टर होता, आणि यंत्र नुसतेच चालू असताना त्या अडॅप्टरमधून एक अतिशय बारीक, सुईसारखी शिट्टी येत असे. वीजप्रवाहाच्या चढउतारांनी आतली गुंडाळी कंप पावू लागली की असा आवाज येतो. त्या शिट्टीने मी हैराण झालो. अडॅप्टर बदलला, केबलींची जागा बदलली, रात्री सगळे झोपल्यावर अंधारात कान लावून बसलो. शेवटी बाबांना विचारले, तर ते थोडा वेळ कान देऊन म्हणाले, "मला तर काहीच ऐकू येत नाहीये." आईलाही येत नव्हते. वयाबरोबर ऐकण्याची शक्ती उतरते ती वरच्या पट्टीपासून, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. पण मी माझ्याच कानांसाठी दोन आठवडे खपत होतो, हे तेव्हा कळले.

आईवडिलांसाठी असे यंत्र जुळवणाऱ्यांना मी आता पहिली सूचना हीच करेन की, शांतता त्यांच्या बसण्याच्या जागेवरून आणि त्यांच्याच कानांनी मोजावी. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नये, कारण शांत खोलीत फोनच्या मायक्रोफोनची स्वतःची खरखरच त्यात मोजली जाते. खर्जातल्या थरथरीला आधी आवर घालावा आणि पंख्याच्या सततच्या फुसफुशीला त्यानंतर. ही फुसफूस वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु ज्यांना 'स', 'श', 'फ' यांसारखी वाऱ्यावरची व्यंजने आधीच पुसट ऐकू येतात, त्यांच्यासाठी ती नेमकी त्याच व्यंजनांवर पडदा टाकते. मग संवाद कळेनासे होतात, टीव्हीचा आवाज वाढवला जातो, आणि पुढच्याच प्रसंगात पार्श्वसंगीत भिंती हादरवते.

आता सध्याच्या यंत्राकडे वळतो. त्याचे हृदय म्हणजे इंटेलचा एन१०० हा २०२३ साली बाजारात आलेला प्रोसेसर. चार गाभे, ६ वॉटची उष्णतामर्यादा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एच२६४, १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ आवळून साठवण्याचे चारही प्रकार उलगडण्याची हार्डवेअर सोय. फोरके चित्रपट चालू असताना प्रोसेसरचे मुख्य गाभे जवळपास रिकामेच असतात, कारण ते काम ग्राफिक्सचा वेगळा भाग करत असतो. असा प्रोसेसर कायमचा जोडलेला, १७ सेंटिमीटर लांबीरुंदीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड मी घेतला. त्यावर पंख्याऐवजी उष्णता शोषून पसरवणारा ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक आहे आणि १९ व्होल्टचा अडॅप्टर थेट बोर्डालाच लागतो, त्यामुळे एरवी पंखा घेऊन येणारा पॉवर सप्लायचा डबाही वाचला. ८ जीबी मेमरी आणि एक लहानशी एसएसडी (न फिरणारी, म्हणून बिनआवाजाची डिस्क) एवढेच त्यात भरले आहे, आणि तेही गरजेपेक्षा जास्त आहे. मुख्य संग्रहाची मोठी डिस्क मी दुसऱ्या खोलीत, राउटरशेजारच्या साठवणपेटीत हलवली. ती तेथे घुमो बापडी. फक्त मधला नेटवर्क स्विच १०० मेगाबिटचा जुना नसावा. जड फोरके फाइली त्यावर अडखळतात आणि दोष मात्र नव्या यंत्राला दिला जातो, हे मी एक संध्याकाळ वाया घालवून शिकलो.

बिनपंख्याचे यंत्र म्हणजे उष्णतेपासून सुटका नव्हे, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. उष्णता तेवढीच निर्माण होते. ती ढकलून बाहेर काढणारे कोणी उरत नाही, एवढेच. पेटी उघड्यावर असताना चित्रपटाच्या दरम्यान प्रोसेसरचे तापमान ५५ ते ६० अंशांच्या आसपास राहिले. तीच पेटी कपाटात ठेवून दार लावल्यावर दोन तासांच्या चित्रपटाच्या अखेरीस ते ८४ अंशांवर गेले. या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंशांची आहे, त्यामुळे लगेच काही बिघडले नसते. पण शेजारची एसएसडी आणि मेमरी त्याच भट्टीत बसलेली असतात. कपाटाच्या मागच्या फळीला तळाशी एक आणि माथ्याशी एक अशी दोन भोके पाडली, पेटी चार रबरी पायांवर उचलली आणि वरच्या भोकापाशी १२० मिलिमीटरचा एक पंखा ५ व्होल्टवर, अगदी संथ फिरत ठेवला. होय, बिनपंख्याच्या यंत्राला अखेर पंखा आलाच. तो सोफ्यावरून आईला ऐकू येत नाही, मलाही येत नाही, आणि तापमान पुन्हा साठीच्या खाली असते. शुद्धतेचा हट्ट येथे सोडला याचा मला मुळीच खेद नाही.

कार्यप्रणाली म्हणून लिब्रेइलेक निवडली. कोडी हा माध्यम-प्लेअर चालवण्यापुरतेच लिनक्स, असे तिचे स्वरूप आहे. कोडी हा मुळात एक्सबॉक्स या खेळयंत्रावर जन्मलेल्या एक्सबीएमसीचा पुढचा अवतार. २०१४ साली त्याचे नाव बदलले. लिब्रेइलेकचा एक गुण मला इतरांहून मोलाचा वाटतो, तो म्हणजे तिची मूळ प्रणाली केवळ वाचण्याजोग्या स्वरूपात साठवलेली असते आणि बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या विभागात राहतात. बाबा झोपण्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करतात. गेली चाळीस वर्षे टीव्ही ते तसाच बंद करत आले आहेत आणि ती सवय मोडायला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. वर्षभर दररोज रात्री असा वीजप्रवाह तोडूनही यंत्र एकदाही न उठता राहिले नाही. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हा पर्याय लावून ठेवला आहे, त्यामुळे सकाळी बटण दाबले की टीव्ही सुरू होईपर्यंत कोडीही तयार असते. सर्व मांडणीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली आहे, परंतु ती वापरण्याची वेळ आलेली नाही.

यंत्र शांत झाल्यावर दुसरा गोंगाट लक्षात आला, आणि तो पडद्यावरचा होता. "आता काय विचारतंय हे?" हा बाबांचा प्रश्न पहिल्या महिन्यात मी फोनवर इतक्यांदा ऐकला की अखेर वही घेऊन त्या प्रश्नांची यादीच केली. अर्धवट पाहिलेला चित्रपट निवडला की कोडी विचारते, पुढे चालू ठेवू की पहिल्यापासून लावू. नवी आवृत्ती आली की कोपऱ्यात सूचना येते. चित्रपट निवडला की कधी तो सुरू होतो, कधी त्याची माहिती उघडते. यातला प्रत्येक प्रश्न बंद करता येतो: निवडताच मागच्या जागेपासून सुरू होणे, अद्ययावतीकरण हाताने करणे, मुख्य सूचीतल्या न लागणाऱ्या नोंदी लपवणे. मी ते सगळे केले आणि शेवटी सूचीत चित्रपट, गाणी, घरचे व्हिडिओ आणि छायाचित्रे एवढ्याच चार ओळी उरल्या. सेटिंगच्या पानांना कुलूप घालण्याची सोयही कोडीत आहे आणि ती वापरावीच, कारण अनवधानाने भाषा बदलली गेली तर ती परत कशी आणायची हे फोनवरून सांगणे म्हणजे शिक्षा आहे.

सगळ्यात जास्त वेळ रिमोटने खाल्ला, आणि या परीक्षणात सर्वाधिक गुण मी ज्या वस्तूला देईन तीही रिमोटशीच निगडित आहे. सामान्य संगणकाच्या एचडीएमआय जोडणीतून टीव्हीच्या रिमोटचे संकेत येत नाहीत. ज्याला सीईसी म्हणतात ती सोय बहुतेक बोर्डांवर नसते. फ्लर्क नावाचा अंगठ्याएवढा यूएसबी ग्राहक (रिसीव्हर) ही अडचण सोडवतो. त्याला कोणत्याही इन्फ्रारेड रिमोटच्या कळा एकदा शिकवल्या की तो त्या स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि संगणकाला साध्या कळफलकासारखा दिसतो, त्यामुळे दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. मी मोठ्या रबरी कळांचा एक सार्वत्रिक रिमोट घेतला, टीव्ही चालू-बंद आणि आवाज या कळा टीव्हीसाठी राखल्या, बाकीच्या फ्लर्कला शिकवल्या आणि न लागणाऱ्या कळांवर काळी चिकटपट्टी लावली.

तरीही बाबांच्या हातून यादी पळत असे. त्यांना एक ओळ खाली जायचे असे आणि निवड तीन ओळी खाली जाई. मी त्यांच्या शेजारी बसून नुसता त्यांचा अंगठा पाहिला तेव्हा उलगडा झाला: बाबा कळ दाबतात ती मनापासून दाबतात, खाली नेतात, क्षणभर धरतात आणि मग सोडतात. रिमोट तेवढ्या वेळात तोच संकेत पुन्हा पुन्हा पाठवत असतो आणि ग्राहक ते वेगवेगळे दाब समजतो. फ्लर्कच्या मांडणीत दोन दाबांमधला विराम वाढवण्याची सोय आहे. तो वाढवताच ओळ एका वेळी एकच सरकू लागली. आईला मात्र तो विराम आता संथ वाटतो, कारण ती पटापट कळा दाबते. एका ग्राहकावर दोघांचे समाधान होत नाही, हा यातला उरलेला दोष आहे.

चित्राबाबत थोडक्यात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचे असतात आणि टीव्ही बहुधा ६० हर्ट्‌झवर चालतो, म्हणून एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे आडवा फिरत असेल तर चित्र अडखळत सरकल्यासारखे दिसते. फाइलीप्रमाणे टीव्हीचा वेग बदलण्याचा पर्याय कोडीत लावला की हे अडखळणे थांबते. मात्र त्या बदलाच्या वेळी पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा आईने "गेलं, बंद पडलं" म्हणत रिमोट खाली ठेवला. तेवढा वेळ चित्रपट थांबवून धरण्याचा पर्यायही तेथेच आहे. तो लावल्यावर सुरुवातीचे संवाद हुकत नाहीत, आणि काळ्या पडद्याची दोघांनाही आता सवय झाली आहे.

आवाजाबाबत मात्र अधिक सांगायला हवे, कारण तक्रारीचे मूळ तेथे होते. आमच्याकडे टीव्हीला दोनच स्पीकर जोडलेले आहेत. ५.१ चॅनलच्या, म्हणजे सहा स्पीकरांसाठी आवाज वेगवेगळा ठेवलेल्या, चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या चॅनलमध्ये असतात, आणि सहाही चॅनल दोनांत मिसळताना आवाज फाटू नये म्हणून सगळ्यांचीच पातळी उतरवली जाते. मग संवाद दबतात आणि स्फोट मात्र स्फोटच राहतात. कोडीत मिसळताना मधल्या चॅनलची पातळी वाढवता येते, आणि एकूण आवाजाला उठाव देऊन मोठ्या आवाजांना चाप लावणारी एक पट्टीही आहे. या दोन्ही थोड्या वर सरकवून त्या सर्व फाइलींसाठी कायम केल्यावर टीव्हीवरचा आवाजाचा आकडा ३४ वरून २२ वर आला. सिनेमा ज्या चढउतारांसाठी ध्वनिमुद्रित केला जातो ते यामुळे सपाट होतात हे मला मान्य आहे, आणि मी स्वतः एकटा पाहतो तेव्हा ती पट्टी शून्यावर आणतो. परंतु ज्यांना वाक्ये ऐकायची आहेत त्यांना चढउतारांचे कौतुक सांगून उपयोग नाही.

हेच सगळे रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या संगणकावर झाले नसते का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. बरेचसे झाले असते, आणि त्याला टीव्हीच्या रिमोटची सीईसी सोयही आहे. पण त्याच्यात हार्डवेअरने उलगडणे एचईव्हीसीपुरतेच मर्यादित आहे. आमचा बहुतेक जुना संग्रह एच२६४ मध्ये आहे आणि तो भार तेथे प्रोसेसरवर पडतो. नवी सुरुवात करणाऱ्याने आपल्या फाइली आधी तपासाव्यात आणि मग ठरवावे.

त्रास दिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे सुरू होण्याचा क्रम. टीव्हीच्या आधी संगणक जागा झाला तर टीव्ही कोणता आणि त्याला काय झेपते हे त्याला कळत नाही, आणि मग कधी चित्र येते पण आवाज येत नाही. टीव्हीची ही ओळख, जिला ईडीआयडी म्हणतात, लिब्रेइलेकमध्ये एका आज्ञेने फाइलीत साठवून ठेवता येते. तसे केल्यापासून हा प्रकार पुन्हा झालेला नाही. टीव्ही बदलला तर ती फाइल नव्याने करावी लागेल.

एक दुरुस्ती मात्र गेल्याच महिन्यात करावी लागली, आणि ती माझ्याच अतिउत्साहाची होती. पेटीवरचा निळा दिवा अंधारात डोळ्यांत खुपेल म्हणून मी त्यावर सुरुवातीलाच काळी पट्टी चिकटवली होती. यंत्राला आवाज नाही आणि आता दिवाही नाही, त्यामुळे ते चालू आहे की बंद हे बाबांना कळेना. टीव्हीवर चित्र यायला जरा उशीर झाला की ते यंत्र बंद आहे असे समजून पेटीवरचे बटण दाबत आणि चालू असलेले यंत्र बंद करत. जुना टॉवर निदान घुमून तरी सांगत असे. काळी पट्टी काढून मी तेथे पतंगाच्या कागदाचा तुकडा लावला आहे, आणि बटण दाबल्यावर काहीच होऊ नये असे सेटिंग केले आहे. बाबा आता आधी वाकून दिवा पाहतात आणि मग सोफ्यावर बसतात.